मांजरा उठली: स्नॅपशॉटच्या साखळीतली एक कडी आणि नऊ दिवस

मंडळी, काल रात्री साडेअकराला मांजरा, म्हणजे व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये चालणारं माझं लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन, लॉगिनपर्यंत आली. नऊ दिवस बंद होती. मागच्या नोंदीत लिहिलं होतं, तिचे तीन स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणी गोठवून ठेवलेल्या अवस्था) साखळीसारखे एकावर एक रचलेले आहेत. त्या साखळीतच घोळ झाला होता.

आजोबांच्या मोडी कागदांचे स्कॅन आणि त्यांच्या यादीचा डेटाबेस मांजरावर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मला पहिल्या स्नॅपशॉटच्या वेळची एक कॉन्फिग फाइल हवी होती. तेवढ्यासाठी अख्खं मशीन मागे कशाला न्यायचं, म्हणून मांजराची मूळ व्हीएमडीके (व्हर्च्युअल डिस्कची फाइल) दुधना या माझ्या दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनला जास्तीची डिस्क म्हणून जोडली, रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) माउंट केली, फाइल घेतली आणि डिस्क काढली. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी मांजरा सुरू करायला गेलो तर वर्कस्टेशनचा निरोप आला: डेल्टा (स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणारी फाइल) तयार झाल्यानंतर मूळ डिस्क बदलली आहे, उघडता येणार नाही.

प्रत्येक व्हीएमडीकेच्या डिस्क्रिप्टरमध्ये (डिस्कची माहिती देणाऱ्या छोट्या मजकुरात) आठ अक्षरांचा सीआयडी हा ओळख क्रमांक असतो. डिस्क उघडून तिच्यावर पहिल्यांदा काही लिहिलं गेलं की तो बदलतो. डेल्टा आपल्या पालक डिस्कचा सीआयडी ‘पेरेंट सीआयडी’ म्हणून नोंदवून ठेवते. दोन्ही जुळले तरच साखळी उघडते. इथवर समजलं. पण मी रीड-ओन्ली लावली होती, मग लिहिलं कुणी? या एका प्रश्नात पाच दिवस गेले. त्या दिवशी परभणीत दुपारभर लाइट येत-जात होती, म्हणून आधी यूपीएसवर संशय घेतला. मग एसएसडीवर. तिची ‘स्मार्ट’ ही आरोग्य-चाचणी दोनदा केली, दोन्ही वेळा स्वच्छ.

शेवटी जालन्याच्या मित्राला फोन लावला. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, “मालक, पहिला स्नॅपशॉट घेतला तेव्हा मांजरा चालू होती का बंद?”

चालू होती. म्हणजे त्या क्षणी गोठलेली मूळ डिस्क ही प्लग ओढलेल्या मशीनच्या डिस्कसारखी. ईएक्सटी-४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमच्या जर्नलमध्ये (लिहायच्या बदलांच्या नोंदवहीत) अर्धवट कामं तशीच पडलेली. आणि फाइलसिस्टिम अशी अर्धवट असेल, तर लिनक्स रीड-ओन्ली माउंट करतानासुद्धा आधी जर्नल उरकून घेतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. ‘रीड-ओन्ली’ हे आपल्यासाठी, कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) नाही! माउंट कमांडच्या मॅन पेजमध्ये (माहितीपुस्तिकेत) हे स्पष्ट लिहिलेलं आहे. यापुढे माउंट करताना ‘आरओ’ (रीड-ओन्ली) बरोबर ‘नोलोड’ (जर्नलला हात लावू नको) हा पर्याय, किंवा त्याआधी ‘ब्लॉकडेव्ह’ कमांडने डिव्हाइसच रीड-ओन्ली करायचं.

दुरुस्तीआधी सगळा फोल्डर नांदेडहून आणलेल्या १ टीबीच्या एसएसडीवर उतरवला. (दुकानदाराने बिलावर सिरियल नंबर न मागता लिहून दिला, असे लोक जपावेत.) मग साखळी कागदावर काढली. इथे डेल्टा फाइलींच्या नावांतल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. व्हीएमएक्स, म्हणजे मशीनच्या सेटिंगची फाइल, ०००००२ कडे बोट दाखवत होती, तिची पालक ०००००३ निघाली, आणि तिची ०००००१. मधला एखादा स्नॅपशॉट पुसला की नंबर पुन्हा वापरले जातात. खरा क्रम डिस्क्रिप्टरमधल्या ‘पेरेंट फाइलनेम हिंट’ या ओळीतच. तपासल्यावर ०००००१ आणि मूळ डिस्क एवढीच एक कडी तुटलेली सापडली.

माझ्या डिस्क एकफायली आहेत (प्रत्येक डिस्क एकाच फाइलमध्ये), त्यामुळे डिस्क्रिप्टर वेगळा नसतो, फाइलच्या पोटात ५१२व्या बाइटपासून असतो. अशी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली तर गेली. डीडी या बाइट कॉपी करणाऱ्या कमांडने ०००००१ मधला तेवढा तुकडा बाहेर काढला, पेरेंट सीआयडीच्या आठ अक्षरांच्या जागी मूळ डिस्कच्या आताच्या सीआयडीची आठच अक्षरं टाकली आणि तुकडा परत बसवला. बसवताना ‘कॉन्व्ह=नोट्रंक’ विसरला तर फाइल तिथेच कापली जाते. मी एंटर दाबण्याआधी ती ओळ तीनदा मोठ्याने वाचली. हेक्स एडिटरपेक्षा डीडीच बरा, काय केलं ते हिस्टरीत राहतं.

साखळी उघडली, पण सीआयडी जुळवल्याने डेटा जुळत नाही. डेल्टात ६४ केबीचे तुकडे असतात. जे तुकडे डेल्टात नाहीत, तिथे खालची बदललेली मूळ डिस्क दिसते. म्हणून बूट करण्याआधी लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) एफएससीके हा फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवला. लॉस्ट-अँड-फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये अकरा फाइली आल्या, सगळ्या लॉगच्या. यादीचा डेटाबेस चालवणारा पोस्टग्रेस उठला, नोंदी मोजल्या: ३,५१२. पूर्ण! पहिली नोंद उघडली, पाथरीकडचं खरेदीखत, डाव्या कडेला वाळवीने खाल्लेलं अर्धवर्तुळ. ते बघून झोप लागली.

पहिला स्नॅपशॉट मात्र मी मेलेला धरतो. त्याच्या व्हीएमईएम फाइलमध्ये जपलेली मशीनची मेमरी जुनी डिस्क आठवते, ती डिस्क आता राहिली नाही.

आज स्नॅपशॉट मॅनेजरमधून तिन्ही डिलीट करणार होतो. (डिलीट म्हणजे डेल्टाचं खालच्या डिस्कमध्ये विलीनीकरण, आजची अवस्था टिकते. रिव्हर्ट केलं, म्हणजे स्नॅपशॉटकडे मागे गेलं, तर आजचीच जाते. नवे लोक इथेच फसतात.) पण हे लिहिता लिहिता सुचलं, डागडुजी केलेल्या साखळीवर विलीनीकरण करायचंच कशाला? वर्कस्टेशनच्या व्हीडिस्कमॅनेजर या कमांडला साखळीतली शेवटची ०००००२ दिली आणि एक नवीन सलग डिस्क काढायला लावली. जुनी साखळी तशीच राहते. व्हीस्फिअरवर (व्हीएमवेअरच्या सर्व्हरसाठीच्या प्रणालीवर) स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा व्हीएमवेअरचाच सल्ला आहे. माझा सगळ्यात जुना पाच महिन्यांचा होता.

आणि डेटाबेस आता ‘इंडिपेंडंट पर्सिस्टंट’ डिस्कवर हलवतो. ती स्नॅपशॉटमध्ये धरलीच जात नाही, म्हणजे सिस्टिम कितीही मागेपुढे नेली तरी कागदांची यादी जागची हलणार नाही. तिच्यासाठी रोज रात्री पीजी-डंप (पोस्टग्रेसची बॅकअप कमांड), थेट दुसऱ्या एसएसडीवर.

नवीन डिस्क आत्ता ६४ टक्क्यांवर आहे. सकाळी मांजरा तिच्यावरून बूट करून बघतो.