एक गेम, अनेक कन्सोल: आमची वाटचाल

बेळगावातलं आमचं दुकान मूळचं टीव्ही दुरुस्तीचं. नव्वदच्या दशकात मे महिन्याची सुट्टी लागली, की निपाणी, खानापूर, चिकोडीहून लोक व्हिडिओ गेम पिशवीत घालून आणायचे. बहुतेक मशीन म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या गेम मशीनच्या नकला, कॅसेट ६० पिनांची. तक्रारी दोनच: अ‍ॅडॅप्टर गेला, नाहीतर कॅसेट लागत नाही.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय तेव्हापासूनची, ती आजही सोडवावी लागते. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो, त्यात आपल्याकडचा पावसाळा; पिना काळ्या पडायला वेळ लागत नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्यायचं, पिनांच्या लांबीच्या दिशेनं पुसायचं, काडी स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदलायच्या आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावायची. पॉलिश पेपर अजिबात नको. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो गेला की खालचं तांबं गंजतं.

पुढं आखातातून, बोटीवरून आलेली मूळ मशीन टेबलावर येऊ लागली आणि काम बदललं. जपानी अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा, आपली लाईन २३० ची; थेट लावला की संपला. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतात आणि पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचंच अमेरिकन रूप, त्याचा अ‍ॅडॅप्टर मात्र ९ व्होल्ट एसी देतो. तो फॅमिकॉमला लावला तर आतला व्होल्टेज आवरणारा ७८०५ रेग्युलेटर जातो. म्हणून मशीन हातात आलं की आधी मीटर, मग स्विच. निन्टेंडोच्या कॅसेटला ३.८ मि.मी. आणि मशीनला ४.५ मि.मी. चा खास बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, लागतो. इथं तो मिळत नव्हता, तेव्हा उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून करून घेतला.

आज निम्मं काम पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांचं आहे, आणि आमच्या मते खरी पारख तिथंच लागते. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च घ्या. १९८५ च्या फॅमिकॉम कॅसेटमध्ये सगळा गेम ४० केबीचा; सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवायची सोय, नाही; म्हणून बॅटरीही नाही. १९९३ मध्ये तोच गेम 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स'मध्ये सुपर निन्टेंडो या पुढच्या मशीनवर आला. त्यात सेव्ह आहे आणि ती सांभाळायला सीआर२०३२ बॅटरी. २००४ मध्ये तो 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' या हातात धरायच्या मशीनवरही आला. नाव एकच, पण प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी.

बॅटरी बदलताना आधी कॅसेट वाचणाऱ्या रीडरनं सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, कारण बॅटरी सुटली की सेव्ह उडते. मग जुनी पट्टी डिसोल्डर करायची, पॅड साफ करायचे आणि पट्ट्या आधीच लावलेली बॅटरीच बसवायची. साध्या बॅटरीवर सोल्डर लावलं तर ती तापून फुटू शकते. बसवल्यावर ३ व्होल्ट येतात का बघायचं, सेव्ह परत चढवायची.

टीव्हीचाही घोळ असतो. आपल्याकडं टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे ५० हर्ट्झ; जपान-अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे ६०. सेगा कंपनीच्या पाल मेगा ड्राइव्ह मशीनवर १९९१ चा 'सॉनिक' गेम म्हणूनच सहाव्या हिश्श्यानं संथ पळतो. तो बिघाड नाही, तसं आम्ही सांगतो आणि पैसे घेत नाही. उलट, परदेशी मशीन जुन्या पाल टीव्हीवर काळंपांढरं दिसलं तर टीव्ही एनटीएससी घेतो का, हे आधी तपासायचं.

जुनी कॅसेट विकायला घेताना ती गिऱ्हाईकासमोरच उघडतो. मूळ ऑल-स्टार्सच्या बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं. तिथं चिपऐवजी काळ्या राळेचा थेंब दिसला, तर ती नक्कल. तिला नकलेचाच भाव.

कुरिअरनं पाठवणाऱ्यांनी कॅसेट मशीनमध्ये अडकवून पाठवू नये, धक्क्यानं सॉकेटच्या पिना वाकतात. कॅसेट वेगळी गुंडाळा, अ‍ॅडॅप्टर सोबत ठेवा, आणि सेव्ह हवी असेल तर बॅटरी स्वतः काढू नका.