‘ज्ञानेश्वर’ वीस बाइटांत मावत नाही

आजचा दिवस एका नावामागे गेला. एका वाचनालयाची सभासद यादी दाखवणारं पीएचपीचं (वेबसाइटसाठीच्या एका प्रोग्रामिंग भाषेतलं) पान सकाळी कोरं येत होतं. ना एरर, ना सूचना.

दुपारी उलगडा झाला. यादी सुटसुटीत दिसावी म्हणून काल मी नावं सबस्ट्रने (मजकुराचा तुकडा कापून देणारं पीएचपीचं फंक्शन) 20 वर कापली होती. चाचणीची नावं इंग्रजीत होती, म्हणून सगळं ठीक वाटलं. पण सबस्ट्र अक्षरं नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-8 (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटांचं. काना, मात्रा, हलन्त हेही वेगवेगळे धरायचे. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे 10 चिन्हं, 30 बाइट. 20 वर कापलं की ‘ज्ञाने’ आणि पुढे ‘श’चे दोनच बाइट उरतात. ब्राउझरमध्ये तिथे शंकरपाळीच्या आकाराच्या काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं. माहिती जेसन स्वरूपात बदलणारं जेसन_एन्कोड तर असा तुटका मजकूर घेतच नाही, ‘फॉल्स’ देऊन मोकळं होतं; म्हणून पान कोरं. बाइटांऐवजी चिन्हं मोजणारं एमबी_सबस्ट्र वापरलं आणि पान उघडलं. (त्यानेही जोडाक्षर मधेच तुटू शकतं, म्हणून आता शक्यतो कापतच नाही.)

मन लागलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीत. डेटाबेस तपासताना काही जुन्या सभासदांच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हं सापडली. तो कॉलम पूर्वी लॅटिन1 (पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरांपुरती पद्धत) होता. देवनागरी त्यात बसलीच नाही. आता यूटीएफ8एमबी4 (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-8) केलं तरी गेलेली अक्षरं परत येत नाहीत. माणसाचं नाव असं पुसलं जावं, हे मला फार लागलं. शनिवारी वाचनालयात जाऊन कागदी रजिस्टरवरून ती सगळी नावं पुन्हा लिहून घेणार आहे.