चिवडा, कॅनोला आणि प्रपोझिशन ३७ : आमची वाटचाल

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आमच्या दुकानात काउंटरच्या मागे हाताने लिहिलेला एक कागद लावलाय. प्लास्टिकच्या कव्हरात आहे, तरी तेलाने कडा पिवळ्या पडल्यात. नवीन गिऱ्हाईक त्याला मेनू समजतं आणि वाचायला लागलं की गोंधळतं. पंधरा वर्षं झाली, दिवाळी अंकासाठी धंद्याची वाटचाल लिहा, असं मंडळातल्या मैत्रिणींनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तो कागदच आठवला. बाकी वाटचाल सगळ्यांची असते तशीच : कर्ज, कढया, सुनेसारखी सांभाळावी लागणारी सीलर मशीन.

माझं माहेर अकोल्याचं. वडिलांचं सरकी-ढेपेचं दुकान, पुढच्या बाजूला थोडा किराणा. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे लोक पत्रकांचे गठ्ठे ठेवून जायचे, ‘शेठ, गिऱ्हाइकांना द्या.’ बाबा प्रत्येकाला चहा पाजायचे, प्रत्येकाचा गठ्ठा ठेवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात जिऱ्या-मोहरीच्या पुड्या बांधायचे. ‘कागद चांगला आहे,’ एवढंच त्यांचं राजकीय मत आम्ही कधी ऐकलं.

इथे सुरुवात झाली २००९ मध्ये. नवऱ्याची नोकरी मंदीत गेली, आणि मी मैत्रिणींना भाजणी करून द्यायचे ती विकायला लागले. तेव्हा कॅलिफोर्नियात घरच्या स्वयंपाकघरात करून विकायची सोय नव्हती. कॉटेज फूडचा कायदा २०१३ च्या जानेवारीत लागू झाला. म्हणून सॅन होजेत तासावर भाड्याने मिळणारं किचन घेतलं. आमची पाळी रात्री नऊ ते एक. आमच्या आधी तिथे तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ, करणारी एक बाई असायची, त्यामुळे आमच्या पहिल्या दिवाळीच्या चकल्यांना मक्याच्या पिठाचा वास मारायचा, निदान मला तरी. २०११ मध्ये हिंमत करून ही जागा घेतली : मागे किचन, पुढे सात फुटांचं काउंटर. भाजणी, मेतकूट, चकली, पोह्यांचा आणि मक्याचा चिवडा, लाडू.

आणि पुढच्याच वर्षी प्रपोझिशन ३७ आलं.

या राज्यात लोक सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा थेट मतपत्रिकेवर आणू शकतात. ६ नोव्हेंबर २०१२ ला ओबामा-रॉम्नी यांच्याबरोबर त्याच मतपत्रिकेवर हा ३७ क्रमांकाचा ठराव होता : दुकानात विकल्या जाणाऱ्या खाण्यात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकाचा घटक असेल तर तसं पाकिटावर लिहा. हॉटेलातलं जेवण आणि दारू यांना सूट. जीएम म्हणजे विष असं मला कधी वाटलं नाही. २००२ नंतर आमच्याकडे बीटी कापूस, तोही जीएमच, शेतोशेती आला, त्याची सरकी बाबांनीही विकली. पण मी पाकिटावर तीळसुद्धा लिहिते, मग हे का नको, एवढाच माझा हिशोब. एका कार्यकर्त्या मुलीने ‘येस ऑन ३७’चं पोस्टर आणून दिलं, मी काचेवर लावलं.

पोस्टर लावून झाल्यावर मी मसुदा वाचला. उलट करायला हवं होतं. जीएम नाही असं म्हणायचं तर दुकानदाराने पुरवठादाराकडून तसं शपथेवर लिहून घ्यायचं, आणि चूक सापडली तर कुणीही कोर्टात खेचू शकतं, असं त्यात होतं. चिवड्यात चौदा जिन्नस. चौदा शपथपत्रं! नवरा म्हणाला, ‘स्वतःच्या पायावर दगड मारून घ्यायची जाहिरात काचेवर लावली आहेस.’ तरी मी ते काढलं नाही. थोडा हट्ट होता, खोटं कशाला बोलू.

विरोधातल्या बाजूला पैसा किती होता ते सगळं जाहीर होतं, कारण राज्याच्या नियमाने देणगीदारांची नावं आणि रकमा उघड कराव्या लागतात. एकट्या मोन्सँटो या बियाणं कंपनीने ८० लाख डॉलरच्या वर दिले होते. विरोधकांची एकूण रक्कम साडेचार कोटींच्या पुढे गेली. बाजूने होते ९० लाखांच्या आसपास. टीव्ही लावला की जाहिरात. त्यातल्या एका जाहिरातीत मागे स्टॅनफर्डची इमारत दिसत होती. विद्यापीठाने हरकत घेतल्यावर ती बदलावी लागली. दुकानात दोन दिवस तेवढाच विषय.

मग याद्या फिरायला लागल्या. कुठल्या ब्रँडचा मालक कोण, आणि त्याने कुणाच्या झोळीत किती टाकले, याचे तक्ते. लोक चाट पडले. ‘काशी’ नावाच्या ब्रँडचं सीरियल ज्या घरांत श्रद्धेने खाल्लं जायचं, त्या काशीची मालक केलॉग विरोधात. सिल्क सोयादूध आणि होरायझनचं ऑरगॅनिक दूध डीन फूड्सचं, तेही विरोधात. ऑनेस्ट टी कोका-कोलाची, कॅस्केडियन फार्म जनरल मिल्सचं. दुसऱ्या बाजूला एमीज किचन, नेचर्स पाथ, आणि आम्ही ज्यांचा तांदूळ घ्यायचो ते लंडबर्ग. बहिष्काराची हाक दिली गेली आणि या ब्रँडांच्या फेसबुक पानांवर शिव्यांचा पाऊस पडला. काशीवर तर तो वसंतापासूनच चालू होता. ऱ्होड आयलंडमधल्या एका छोट्या दुकानदाराने रिकाम्या फळीवर चिठ्ठी लावली होती की यांच्या सोयात जीएम आहे म्हणून माल काढलाय, आणि तिचा फोटो देशभर फिरला होता.

मला तेव्हा एक गोष्ट खटकली, अजूनही खटकते. सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्यावर बहिष्कार टाकायचा कसा? मोन्सँटोची वस्तू कुणाच्याच पिशवीत नव्हती. ती कंपनी बी विकायची शेतकऱ्याला. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली तेव्हा जाळायला लोकांच्या घरात कापड तरी होतं. इथे राग आला मोन्सँटोचा आणि फेकला गेला सिल्कचा डबा. त्यातही हर्शे, पेप्सी यांनीही दिले होते पैसे, पण चॉकलेट आणि चिप्स खाणाऱ्याला त्यांच्याकडून काही अपेक्षाच नव्हती. ज्याने ‘आम्ही तुमच्यातले’ म्हणून माल विकला होता, तोच सापडला.

आणि ‘आम्ही तुमच्यातले’ म्हणूनच तर आम्हीही विकत होतो.

दसरा २४ ऑक्टोबरला होता. त्या शनिवारी कूपर्टिनोची एक मुलगी आली, दोन लहान मुलांची आई, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. हातात फोन, फोनवर यादी. ‘काकू, पोस्टर छान लावलंय. तुमचं तेल कुठलं?’ मी म्हटलं, कॅनोला. ‘कुठल्या कंपनीचं?’ मला पटकन सांगता येईना. आत गेले, ३५ पौंडांचा खोका फिरवून पाहिला. छापलेलं होतं : कॅनोला आणि/किंवा सरकीचं तेल. म्हणजे त्या महिन्यात जे स्वस्त ते. दोन्ही जीएम असण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के. खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव. नाव इथे लिहीत नाही, पण तिच्या फोनवरच्या यादीत ते होतं. विरोधकांच्या बाजूला.

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ‘म्हणजे काकू, काचेवर एक आणि कढईत दुसरं,’ एवढंच म्हणाली, आणि सहा पौंडांची ऑर्डर रद्द करून गेली.

मंगळवारी डॉक्टरसाहेबांचा फोन. परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेले, इथे साऊथ सॅन फ्रान्सिस्कोत बायोटेकमध्ये. दर दिवाळीला त्यांच्या ऑफिससाठी वीस पाकिटं जायची. ‘वहिनी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही दुकानाच्या काचेवर माझ्या कामाविरुद्ध पोस्टर लावलंय. शेतकऱ्याच्या घरचा माणूस मी, बोंडअळीने काय होतं ते पाहिलंय. या वर्षी ऑर्डर नको.’ मी म्हटलं, ‘डॉक्टरसाहेब, मला फक्त पाकिटावर लिहायला हवंय.’ ते म्हणाले, ‘लोक ते वाचून शास्त्र शिकणार आहेत का वहिनी? लोक घाबरणार आहेत.’ त्यांचंही चुकीचं म्हणवेना.

म्हणजे एकीला मी पुरेशी ‘येस’ नव्हते आणि दुसऱ्याला फारच ‘येस’ होते. एका आठवड्यात दोन्हीकडून ऑर्डर रद्द. मोठ्या कंपनीला असं काही झालं तर ती जाहिरात संस्था बोलावते. आम्ही दोघांनी रात्री दुकान बंद केल्यावर उरलेल्या चिवड्याबरोबर चहा घेतला आणि भांडलो. नवरा म्हणत होता पोस्टर काढ आणि गप्प बस. मला ते पळून जाणं वाटत होतं. शेवटी पोस्टर काढलं, आणि त्याऐवजी काउंटरच्या मागे तो कागद लावला. प्रत्येक पदार्थात काय आहे आणि ते कुठून आलंय, मला माहीत होतं तेवढं सगळं.

लिहायला बसले तेव्हा कळलं की मलाच किती कमी माहीत आहे. भाजणीचं सोपं होतं : तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, धणे-जिरे, यात जीएम काही नाही. मक्याचे पोहे भारतातून यायचे आणि तिथे जीएम मक्याला परवानगी नाही, म्हणून तेही सुटले. तेच अमेरिकन मक्याचे असते तर नक्की अडकलो असतो. अडकला लाडू! अमेरिकेतली साधारण निम्मी साखर बीटाची, आणि तो बीट जवळजवळ सगळा जीएम. गोणीवर नुसतं ‘साखर’ असेल तर बीटाची निघू शकते, उसाची हवी तर ‘केन’ लिहिलेलीच घ्यायची. आणि तेल. तिथे मी स्वच्छ लिहिलं, ‘कॅनोला किंवा सरकी, बहुधा जीएम. दिवाळीनंतर बदलणार.’

त्या दिवाळीत बदलणं शक्य नव्हतं. ६ तारखेला मतदान, १३ ला लक्ष्मीपूजन, अठरा खोके आधीच आणलेले. ३७ पडलं, ५१.४ विरुद्ध ४८.६ टक्के; साधारण साडेतीन लाख मतांचा फरक. आम्हाला निकाल पाहायलासुद्धा वेळ नव्हता, चकल्या तळत होतो.

तेल बदलायला प्रत्यक्षात मार्च उजाडला. शेंगदाण्याचं तेल घेतलं असतं तर चकलीच्या पाकिटावरही शेंगदाण्याचं नाव छापावं लागलं असतं, आणि चकली घेणारी निम्मी गिऱ्हाइकं मुलांच्या ॲलर्जीमुळेच ती घेतात. साध्या सूर्यफुलाच्या तेलातला चिवडा पाचव्या आठवड्यात खवट लागला. शेवटी हाय-ओलिइक, म्हणजे लवकर खवट न होणाऱ्या जातीचं सूर्यफूल जमलं : दोन महिने टिकतं, पण खोक्याची किंमत जवळजवळ दुप्पट. चिवड्याचं पाकीट ७५ सेंटनी महाग केलं. काही लोक गेले. त्यांनी कारण सांगितलं नाही, पण ते राजकीय नसावं.

मोठ्यांचं पुढे काय झालं ते मी लक्ष ठेवून पाहत होते, कारण आता ते आमचंही होतं. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात असाच ठराव आला. या वेळी किराणा उत्पादकांच्या संघटनेने सभासद कंपन्यांकडून पैसे वेगळ्या खात्यात गोळा केले आणि स्वतःच्या नावाने दिले, १ कोटी १० लाख डॉलर. कॅलिफोर्नियात ब्रँडांना झोडपलं गेलं, तसं पुन्हा नको म्हणून. देणगीदारांची नावं लपवली म्हणून तिथल्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, खटला भरला आणि २०१६ मध्ये कोर्टाने १ कोटी ८० लाखांचा दंड ठोठावला. बहिष्काराने कंपन्या आधी काय शिकल्या, तर लपायला. पण सगळ्याच नाही. कॅनोलाच्या त्या वर्षी विरोधात पैसे देणाऱ्या कॅम्पबेल सूपने २०१६ च्या जानेवारीत उलटी भूमिका घेतली, देशभर लेबल सक्तीचं करा म्हणून, आणि पुढच्या वर्षी त्या संघटनेतून बाहेर पडायचं जाहीर केलं. त्यात बहिष्काराचा वाटा किती आणि व्हरमाँट राज्याने केलेल्या लेबलसक्तीच्या कायद्याचा किती, हे मला सांगता येणार नाही.

देशाचा कायदाही २०१६ मध्येच झाला. लेबल सक्तीचं व्हायला १ जानेवारी २०२२ उजाडला. मी उत्साहाने नियम वाचला, या वेळी आधी. वर्षाला २५ लाख डॉलरहून कमी विक्री असलेल्या उत्पादकांना तो लागू नाही, म्हणजे आम्हाला नाहीच. आणि बदललेला जनुकीय अंश तपासात सापडत नाही इतकं शुद्ध केलेलं तेल आणि साखर त्यातून बाहेर ठेवली होती. ज्या कॅनोलावरून मी गिऱ्हाईक गमावलं, त्याच्या खोक्यावर तेव्हाही काही छापावं लागलं नसतं. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

कूपर्टिनोची मुलगी २०१४ मध्ये परत आली, कागद वाचला, फोटो काढला. डॉक्टरसाहेब आले २०१५ ला. तेही कागदासमोर उभे राहिले, पेन मागितलं आणि ‘जीएम’च्या पुढे मी केलेली एक चूक दुरुस्त केली. ती खाडाखोड अजून तशीच आहे.

आता दर निवडणुकीला कुणीतरी पोस्टर घेऊन येतंच. मी काचेवर लावत नाही. माझं मत विचारलं तर सांगते, काउंटरवर, ज्याने विचारलं त्याला. याला काही जण भित्रेपणा म्हणतात. असेल थोडा. सात फुटांच्या काउंटरवर किती शूर व्हायचं.

२०२४ च्या नोव्हेंबरात टपालपेटी प्रचाराच्या कार्डांनी भरून वाहत होती. एक कार्ड घेऊन मी त्यात जिरं ठेवलं आणि बाबा बांधायचे तशी पुडी बांधून पाहिली. कागद जाड, चकचकीत. घडी बसेना, सोडली की उघडायची. चिवडा ठेवून पाहिला तर तेल वरच तरंगलं. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. नव्वदीला आलेत. त्यांनी चष्मा वर करून, फोनच्या अगदी जवळ येऊन पाहिलं.

‘कुठला पक्ष आहे हा?’ आईने मागून विचारलं.

‘कुठलाही असू दे,’ बाबा म्हणाले. ‘कागद बेकार आहे.’