ढिगातलं नाजास

या तळ्यातल्या वनस्पतींची यादी गेल्या वर्षी मीच करून दिली होती. अकरा जाती. त्यात नाजास नव्हतं, म्हणजे पाण्यात बुडूनच वाढणारी एक बारीक पानांची वनस्पती. यंदा ते सापडलं, पण जिथे सापडलं ती जागा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसरला पाणथळ जागांचा करार झाला. त्या दिवसाच्या कार्यक्रमाआधी तळं स्वच्छ दिसावं म्हणून जलपर्णी काढायचं काम निघालं. जलपर्णी काढायलाच हवी होती. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पाणी झाकून टाकते आणि खालचा उजेड तोडते. पण कामाच्या कागदावर नुसता ‘तण’ एवढाच शब्द होता आणि पैसे ठरले होते ट्रकच्या खेपांवर. मग पोकलेनने तळात रुजलेलं आणि वर तरंगणारं असं सगळंच ओरबाडून काढलं.

मी पोचले तेव्हा काठावर कमरेएवढा ढीग लागला होता. वरचा थर जलपर्णीचा. खाली हात घातला तर लसणासारखा उग्र वास आला आणि बोटांना चुन्याचं खरखरीत पूट लागलं. कारा! हे खरं तर हिरवं शेवाळ, पण तळाशी चांगलं कुरणासारखं वाढतं. त्याच्यात गुंतलेल्या बारीक, दातेरी पानांच्या फांद्या मात्र काराच्या नव्हत्या.

“मॅडम, कशाला हात घाण करताय? कचरा आहे तो,” पोकलेनवाले दादा म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांनी माझ्याकडून यादी मागवून घेतली आणि काम काढताना ती उघडलीसुद्धा नाही, त्यांच्यावर आहे.

नाजास फोटोत शोभत नाही. फूल दोन-तीन मिलिमीटरचं, पानाच्या बगलेत दडलेलं, आणि परागणसुद्धा पाण्याखालीच. आमच्यातले बरेच जण फूल दिसल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढत नाहीत. कुमुदांचे फोटो झाले की त्यांच्या लेखी तळं संपतं. नाजासची जात पक्की करायची तर बी हवी. या फांद्यांच्या बगला बियांनी भरल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली किंचित वाकलेली बी दिसली, तिच्यावर उभ्या ओळी आणि प्रत्येक ओळीत शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे खळगे. नाजास मायनर.

वर्तमानपत्रांत दाबून वाळवायचा नमुना करताना घाई चालत नाही. पाण्याबाहेर काढलं की या फांद्या ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात. म्हणून ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यात फांदी तरंगत ठेवायची, जाड कागद खालून सरकवायचा, रंगाच्या ब्रशने एकेक पान मोकळं करायचं आणि कागद तिरका धरून सावकाश उचलायचा. पाणी निथळतं, फांदी जशी पाण्यात होती तशीच कागदावर बसते. वरून मेणकागद, नाहीतर ती वर्तमानपत्राला चिकटून येते. वर्तमानपत्रं रोज बदलायची. एक दिवस चुकला तरी बुरशी धरते. असे सहा कागद केले. इतके नीट नमुने मला आजवर जमले नव्हते.

अडले ते लेबलपाशी. अधिवास, पाण्याची खोली, सोबतच्या जाती: या रकान्यांत काय लिहू? ‘उपसलेल्या ढिगातून, मूळ जागा अज्ञात’ असं लिहिलं. गेल्या वर्षी दोरीला बांधलेली दंताळी मी काठावरून फेकत होते. ती दहा-बारा मीटरच्या पुढे जात नव्हती. होडी मिळाली नाही, मधला भाग राहिला. यादीच्या डोक्यावर मात्र ‘तळ्यातील वनस्पती’ असं लिहिलं. ‘मधला भाग पाहिलेला नाही’ ही एक ओळ लिहिली असती तर पोकलेन थांबलं असतं का? बहुतेक नाही. तरी ती ओळ माझ्याकडून जायला हवी होती. आता सुधारित यादी पाठवली आहे, त्या ओळीसकट.

ट्रक भरायच्या आत ढिगातला दोन बादल्या गाळ उचलून आणला. तो पसरट टबात घालून वर वीतभर पाणी ठेवलं आहे. गाळात बिया असणारच. रोज सकाळी विजेरी मारून बघते. काराचे पाच-सहा हिरवे तंतू वर आलेत. नाजास अजून नाही.