शिवणाची खोली लावताना

शिवणाच्या खोलीत आधी मशीनची जागा ठरवावी, पडदे आणि रंग नंतर. माझं मशीन खिडकीशी आहे, उजेड डावीकडून येईल असं. सुई मशीनच्या डाव्या टोकाला असते, त्यामुळे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. कापायचं टेबल कमरेइतकं, साधारण ३६ इंच उंच करून घेतलं. जेवणाच्या ३० इंची टेबलावर वाकून ब्लाउज बेतायचा म्हणजे कंबर धरतेच.

सगळ्यात जीव लावला तो टाचणगादीवर. मशीनमधून काढलेल्या सुईवरचा जाडीचा आकडा बारीक असतो, संध्याकाळी वाचता येत नाही. म्हणून खणाच्या तुकड्याची गादी शिवली, तिचे तीन भाग पाडले आणि साखळी टाक्याने आकडे काढले : ११ तलम रेशमी कापडाची, १४ सुती कापडाची, १६ डेनिमची. सुई निघाली की आपापल्या घरात जाते.

रिळं भिंतीवर, फळीला ठोकलेल्या खिळ्यांवर, रंगाच्या छटांप्रमाणे लावली आहेत. फार देखणी दिसतात! फक्त ती भिंत उन्हाची नको, दोऱ्याचा रंग विटतो. कापड बेतायचे कागदी नमुने हँगरला टांगलेत, घडी पडत नाही.

उरलेल्या काठांचं तोरण दारावर लावलंय. कापडाच्या कात्रीला लाल फीत बांधली आहे. तिने घरात कुणीही कागद कापायचा नाही, आणि ते मुलांनाही पाठ आहे.