धाव्यात नाही, बोळात भीती वाटली

वारीला जाते म्हणल्यावर घरच्यांनी सगळ्यात जास्त धसका घेतला होता तो धाव्याचा. वेळापूरच्या अलीकडं एक उतार आहे, तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले असं सांगतात, म्हणून माऊलींच्या सोहळ्यातल्या दिंड्यापण तिथं पळतात. हजारो माणसं, गळ्यात टाळ, उतार, वरून पाऊस. मलापण आधी वाटलं इथं कुणीतरी पडणार आणि मग काही खरं नाही. पण झालं काय, एक दिंडी सुटली की जरा अंतर पडतं, मग दुसरी सुटते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, धाप लागली तर कडंला व्हायला मोकळी जागा. साठीच्या मावश्या माझ्यापुढं निघून गेल्या.

रात्री मुक्कामाला तंबूत हाच विषय निघाला. आमच्या दिंडीत एक रिटायर्ड डॉक्टर होत्या, सगळे डॉक्टरताईच म्हणायचे. त्या म्हणल्या, अगं पळून माणसं मरत नाहीत, उभ्या उभ्या मरतात. चेंगराचेंगरीत लोक पायाखाली तुडवले जातात असं आपल्याला वाटतं, तसंही होतं, पण बरेच जण जातात ते छाती दाबली जाऊन. श्वास सोडला की छाती जरा आत जाते, तेवढीच जागा मागचा दाब खाऊन टाकतो, मग पुढचा श्वास त्याहून छोटा, असं काही मिनिटं चाललं की शुद्ध हरपते आणि खाली पडायलापण जागा नसते. बाहेर चिखलात त्यांनी काठीनं मीटरभर बाजूचा चौकोन काढला आणि आम्हाला एकेक करून त्यात उभं केलं. चौघी उभ्या राहिलो तरी हसत होतो, हलता येत होतं. सातवी आत घुसल्यावर कडेची जरा कलली आणि आम्ही सगळ्याच कललो, पाय आपले असून आपले नाहीत. आता हे हजारो माणसांचं इमॅजिन करा.

मांढरदेवच्या जत्रेतल्या चेंगराचेंगरीचा विषय निघणारच होता, साताऱ्याकडची मंडळी होती ना. २५ जानेवारी २००५, अरुंद पायऱ्या, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या, मग दुकानांना आग, जवळपास ३०० माणसं गेली. नाशिकच्या कुंभात २००३ ला ३९. आणि एल्फिन्स्टन रोडचा पूल, सप्टेंबर २०१७, २३ जण, तिथं तर देव नाही की जत्रा नाही, पावसामुळं माणसं पुलावर थांबली आणि खाली लोकल रिकाम्या होतच राहिल्या. पुढं जागा नाही हे मागच्याला कळतच नाही, तो बिचारा आपला हळूच रेटतो, त्याला वाटतं मी कुठं ढकलतोय.

वारीत हे मागचं-पुढचं कळण्याची सोय आहे, हे मला चालल्यावरच कळलं. दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी, मागं तुळशीवाल्या बायका, ज्यानं त्यानं आपल्या ओळीत चालायचं. आणि मुक्कामाची समाजआरती! सगळ्या दिंड्या गोल जमलेल्या, टाळांचा कल्लोळ चालू, चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिकडं जाऊन ऐकून घेतात. माईक नाही, ॲप नाही, एवढ्या गर्दीत एका दिंडीचं म्हणणं बरोबर पोचतं.

पंढरपुरात शिरलो आणि हे सगळं विस्कटलं. एकादशीला चंद्रभागेचं स्नान करून वर येताना आम्ही एका बोळात अडकलो, वरून खाली जाणारे आणि खालून वर येणारे एकाच बोळात, मधेच एक हातगाडी, बाजूला भिंत. आधी नुसता घाम, मग दोन्ही हात अंगाला चिकटले, ते वर घेता येईनात. माझ्यापुढच्या मावशींच्या डोक्यावर तुळस, ती कलायला लागली. डॉक्टरताई मागून ओरडल्या, "पुढच्याला काही सांगू नका, मागं सांगा!" मग आमच्यातल्या एका टाळकरी काकांनी मान मागं वळवून सुरू केलं, "ओ माऊली, थांबा, मागं सांगा थांबा", ते एकाकडून दुसऱ्याकडं करत घाटापर्यंत गेलं असावं, कारण मिनिटाभरानं पाठीवरचा दाब कमी झाला. एक पोरगं तेवढ्यात कुणाच्या तरी खांद्यावर चढवलं होतं, ते वरून सांगत होतं कुठं मोकळं आहे. मग एक माणूस हातगाडीवर चढून ती कडंला करायला सांगायला लागला, तेव्हा कुठं सुटलो.

पदस्पर्शाच्या बारीत उभं राहायचं त्राण नव्हतं, नामदेव पायरीला हात लावला, कळसाला नमस्कार केला, झालं. बरेच वारकरी असंच करतात, आणि मला वाटतं त्यामुळंच मंदिरावरचा ताण बराच हलका होतो.

वाटेत ओआरएसची पाकिटं, गोळ्या, १०८ च्या ॲम्ब्युलन्स भरपूर दिसल्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जुलाबाची साथ येऊ नये म्हणून पाणी आधी तपासतात ना, मग बोळातली दाटी पण आधीच मोजा की. घाटावर जायची वाट वेगळी, यायची वेगळी, आणि दाटी झाली की माणसं तिथं नाही तर लांब मागं, मोकळ्या जागेत थांबवायची, तीही का थांबवलंय ते सांगून. बोळाच्या तोंडाशी ऐनवेळी बॅरिकेड लावलं तर उलट तिथंच चेपतात.

बाकी डॉक्टरताईंनी सांगितलेलं लिहून ठेवते. दाटी वाटायला लागली की लगेच हात छातीपुढं घ्यायचे, नंतर वर येत नाहीत. भिंतीपासून लांब राहायचं. लोंढ्याला उलटं रेटायचं नाही, जरा ढील मिळाली की तिरकं तिरकं कडंला सरकायचं. उगाच ओरडून दम घालवायचा नाही. आणि चप्पल, पिशवी, मोबाईल काहीही पडलं तरी वाकायचं नाही. माझा चष्मा त्या बोळातच राहिला, गेला तर गेला.