बेसवरून फायनलकडे वळताना

जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा नैऋत्येकडून असला की विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरवायचे असते आणि डाव्या सर्किटमध्ये (धावपट्टीभोवती डावीकडे वळत घेतलेल्या फेरीत) बेसवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेकडे काटकोनात येणाऱ्या टप्प्यावर, असताना त्याचे नाक उत्तरेला, सातपुड्याकडे असते. हा वारा विमानाला मागून ढकलत राहतो; विद्यार्थी फायनलकडे, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याकडे, नेहमीच्याच ठिकाणी वळण सुरू करतो आणि धावपट्टीची मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातो. प्रशिक्षक म्हणून मला सर्वाधिक धास्ती याच वळणाची वाटते.

जमीन पाचशे फुटांवर दिसत असताना बँक (विमानाचा वळणाच्या बाजूचा कल) वाढवण्याचे धाडस होत नाही, म्हणून वळण आवळण्यासाठी पाय नकळत डावा रडर, म्हणजे नाक बाजूला वळवणारे पेडल, दाबतो. त्यामुळे बाहेरचा पंख वेग घेतो, बँक आपोआप वाढू लागते, ती रोखण्यासाठी हात उजवीकडे एलेरॉन (विमान एका बाजूला झुकवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) देतो, आणि खाली झुकणारे नाक सावरण्यासाठी योक (हातातले नियंत्रण-चाक) मागे ओढला जातो. या साऱ्यात आतल्या पंखाचा अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन) वाढतो, तो पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम घटते, आणि विमान त्याच बाजूला स्पिनमध्ये शिरते, गिरक्या घेत कोसळू लागते. सेसना 172 या छोट्या विमानाला स्पिनमधून सावरायला हजार फूट किंवा त्याहून अधिक उंची लागू शकते. तेवढी उंची तेथे नसतेच.

उंची कायम राखून 30 अंशांच्या बँकेत वळताना स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख स्टॉल होतो तो वेग) सुमारे 7 टक्क्यांनी, 45 अंशांत 19 टक्क्यांनी आणि 60 अंशांत 41 टक्क्यांनी वाढतो. खानदेशातला मे महिना त्यात भर घालतो. पारा 45 अंशांवर असताना जळगावची हवा साडेचार हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. एअरस्पीड इंडिकेटरवर (वेगदर्शकावर) नेहमीचाच आकडा दिसला तरी हवेतला प्रत्यक्ष वेग सुमारे 7 टक्क्यांनी जास्त असतो आणि त्याच बँकेत वळण अधिक रुंद होते. जमीन वेगाने मागे सरकताना पाहून वेग कमी करण्याचा मोह होतो. तो आवरून नजर इंडिकेटरवरच ठेवावी.

आपल्याकडे स्टॉलचा सराव पुरेशा उंचीवर होतो हे योग्यच आहे, परंतु तो बहुधा नाक वर उचलून, सरळ रेषेत करून घेतला जातो. त्यातून विद्यार्थ्याची अशी समजूत होते की स्टॉलपूर्वी नाक उंच दिसतेच. वळणातला स्टॉल नाक क्षितिजाखाली असतानाही होतो. म्हणून मी सुरक्षित उंचीवर एखादा सरळ रस्ता धावपट्टी मानून तेच वळण मंद वेगात, बॉल (विमान बाजूला घसरते आहे का हे दाखवणारी उपकरणातली गोळी) मध्यभागी ठेवून, पुन्हा पुन्हा करून घेतो. तीस अंश ही बँकेची मर्यादा आधीच ठरवून द्यावी. तेवढ्यात मध्यरेषा सापडली नाही तर गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढणे. हा निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याला जमिनीवर आल्यावर टोमणे मारणारे प्रशिक्षक मला मुळीच पटत नाहीत.

गो-अराउंडलाही शिस्त हवी. लँडिंगसाठी ट्रिम केलेल्या (योकवर जोर न देता उतरण्याचा वेग राखेल असे जुळवलेल्या) विमानाला पूर्ण पॉवर दिली की नाक झपाट्याने वर जाते, आणि योक पुढे दाबून ते रोखले नाही तर स्टॉल तेथेही गाठतो. म्हणून आधी नाक आवरावे, उजव्या रडरने बॉल मध्यभागी ठेवावा, मग ट्रिम करावे आणि फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) टप्प्याटप्प्याने आत घ्यावेत. उन्हाळी दुपारी विमान सावकाशच चढते, त्याला तेवढा वेळ द्यावा.